मोटार, एस.टी. आणि आपले राजकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘राजकारण आणि दैनंदिन जीवन’ असा विषय आपण मला दिला आहे. तो इतका व्यापक आहे की त्यात काहीही बोलता येईल आणि काहीच न बोलताही तास संपवता येईल. म्हणून मी एकच वस्तू घेतो : मोटार. मोटारीविषयी प्रत्येकाची काही ना काही मते असतात, तशी माझीही आहेत. ती कोणत्याही ठरावात आलेली नाहीत. पण ती ठरावात यावयास हवीत असे मला वाटू लागले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. मोटार घेणाऱ्या माणसावर माझा राग नाही. वृद्ध आईला दवाखान्यात नेता यावे म्हणून कर्ज काढून मोटार घेणारा शिक्षक हा भांडवलदार नव्हे. साधेपणाचा उपदेश करून समाजवाद येत नाही. तसे असते तर तो केव्हाच आला असता. प्रश्न व्यक्तीच्या नीतीचा नाही, सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक जागा कोणासाठी खर्च होते याचा आहे.

आपल्या देशात मोटार ही प्रारंभापासून राजकीय वस्तू राहिली आहे. परवाना-पद्धतीच्या काळात अँबॅसेडर आणि फियाट यांच्यासाठी वर्षानुवर्षे नोंदणी करून वाट पाहावी लागे. ‘जनतेची मोटार’ हा शब्दप्रयोग दिल्लीत गाजला, त्यातून मारुतीचे प्रकरण उद्भवले आणि १९७७ साली त्याच्या चौकशीसाठी आयोगही नेमला गेला. पुढे ती कंपनी सरकारने ताब्यात घेतली आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. किंमत सुमारे साडेसत्तेचाळीस हजार रुपये. खासगी मध्यमवर्गाचे स्वप्न साकार केले ते सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने, हा विनोद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. त्यानंतर २००९ साली लाखाची नॅनो बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. नावे बदलली, ‘जनता’ हा शब्द मात्र जाहिरातीत कायम राहिला.

ही जनता कोण? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शंभर कुटुंबांपैकी पाचांपेक्षाही कमी कुटुंबांकडे मोटार होती. एकवीस कुटुंबांकडे दुचाकी आणि सुमारे पंचेचाळीस कुटुंबांकडे सायकल. त्यानंतर मोटारी वाढल्या हे उघड आहे. तरीही मोटारवाले कुटुंब आजही अल्पसंख्यच आहे. आणि तरी रस्त्याचे नियोजन पाहिले तर बहुसंख्य कोण असा संभ्रम पडावा! मुंबईचा सागरी किनारा मार्ग २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. हजारो कोटी रुपयांच्या या मार्गावर दुचाकीला आणि रिक्षाला प्रवेश नाही. मोटारीला मात्र टोलही नाही. त्याच मुंबईत मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. मोटारीला रस्ता फुकट देणे म्हणजे ‘विकास’ आणि बसचे तिकीट स्वस्त ठेवणे म्हणजे ‘तोटा’, ही परिभाषा कोणी ठरवली?

थोडे गणित करू. पंचेचाळीस माणसे एका बसमध्ये बसतात. तीच माणसे मोटारींतून निघाली आणि सरासरी एका मोटारीत दीड माणूस धरला, तर तीस मोटारी लागतात. एकीला मधल्या अंतरासह सहा मीटर धरले तर एकशे ऐंशी मीटरची रांग होते. बस बारा मीटरची असते. आता उभ्या मोटारीचा हिशेब. तिला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे सुमारे एकशे पस्तीस चौरस फूट जागा लागते. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत अनेक वर्षे एका संपूर्ण कुटुंबाला दोनशे पंचवीस चौरस फुटांचे घर मिळत असे. त्याच्या निम्म्याहून अधिक जागा आपण एका मोटारीला झोपण्यासाठी, पुष्कळदा सार्वजनिक रस्त्यावर आणि विनामूल्य, देतो.

आणि किंमत केवळ जागेची नाही. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील जवळजवळ पंचमांश पादचारी होते आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीस्वार.

परंतु माझा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका लहानशा पुस्तकात नायजेरियातील रेल्वेचे उदाहरण दिले. ट्रकची स्पर्धा असूनही ती रेल्वे सुधारेना. कारण असे की, ज्यांनी आरडाओरडा करून तिला सुधारावयास भाग पाडले असते, तेच ग्राहक ट्रककडे निघून गेले. स्पर्धेने सेवा सुधारते, हे पाठ्यपुस्तकी तत्त्व येथे उलटले. निघून जाण्याचा मार्ग सोपा झाला की तक्रारीचा आवाज संपतो.

आपल्या एस.टी.चे नेमके हेच झाले आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. त्यानंतरच्या काळात गावातला शिक्षक, ग्रामसेवक, वकील, आठवड्याच्या बाजाराला निघालेला शेतकरी आणि आमदारकीची स्वप्ने पाहणारा कार्यकर्ता हे एकाच गाडीत बसत. गाडी चुकली तर सर्वांचीच चुके. म्हणून आगारात जाऊन वाहतूक नियंत्रकाशी भांडणाराही कोणीतरी असे. आज शिक्षकाकडे मोटार आहे, ग्रामसेवकाकडे मोटारसायकल आहे आणि कार्यकर्त्याकडे, क्षमा करा, नेत्याने दिलेली गाडी आहे. एस.टी.च्या थांब्यावर उरली आहेत शाळेत जाणारी मुलगी, म्हातारी माणसे आणि मजूर बाई. मुक्कामी गाडी बंद झाली तर त्यांचे दिवस बिघडतात, पण बातमी होत नाही.

ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कामगारांचा संप चालला. विलीनीकरणाच्या मागणीविषयी मतभेद असू शकतात. पण एवढी महत्त्वाची सेवा इतके महिने विस्कळित राहते आणि राज्याचा कारभार सुरळीत चालू राहतो, याचा अर्थ काय? ज्यांच्या हाती कारभार आहे, त्यांच्यापैकी कोणाचेच तिच्यावाचून अडत नव्हते! कामगाराला संपाचे बळ येते ते सेवेवर सर्वांचे अवलंबित्व असल्यामुळे. ते अवलंबित्व केवळ दुर्बलांचे उरले की संपाचा भारही दुर्बलांवरच पडतो आणि कामगार व प्रवासी एकमेकांसमोर उभे केले जातात.

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. या योजनांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र सवलत आहे आणि गाडीच नाही, तर त्या सवलतीचे करावयाचे काय? करआकारणीतही हाच गोंधळ दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल-डिझेलवरच्या लहान मोटारींवर अठरा टक्के जीएसटी आहे आणि बसवरही अठराच. चार माणसांचे वाहन आणि पन्नास माणसांचे वाहन यांत शासनाला फरक दिसत नाही.

एक आक्षेप आपल्यातूनच येतो : मोटारउद्योगावर चाकण-पिंपरीच्या कामगारांचे पोट आहे, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. पण बसही कामगारच बनवतात. दापोडीच्या कार्यशाळेत एस.टी.च्या गाड्या बांधल्या गेल्या आहेत. शिवाय बस रस्त्यावर आली की तिला रोज चालक लागतो, वाहक लागतो, यांत्रिक लागतो. ही कामे कंत्राटी न राहता कायम व्हावीत, हे पाहणे आपले काम आहे.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाईविरुद्ध लाटणी हाती घेतली. तेल, रॉकेल, धान्य ही तोवर बायकांची घरगुती कुरकुर समजली जाई. त्यांनी तिचे राजकारण केले. प्रवास हा आजचा तसाच प्रश्न आहे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा गेला, ताफा राहिला. दिव्याविरुद्ध बोलणे सोपे होते. ताफ्याच्या मागे थांबवून ठेवलेल्या बसविषयी कोण बोलणार?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. रस्त्याचा हिशेब वाहनांत नव्हे, माणसांत व्हावा. केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातही हेच तत्त्व आहे, ते केवळ अमलात आणावयाचे आहे. बसला स्वतंत्र मार्गिका, पादचाऱ्याला मोकळा पदपथ, रस्त्यावर उभ्या मोटारीला जागेचे भाडे आणि त्या उत्पन्नातून बससेवा.

आणि एक काम आपल्या स्वतःसाठी. प्रत्येक तालुक्यातील दोन कार्यकर्त्यांनी एक आगार निवडावे. वेळापत्रक उतरवून घ्यावे. महिनाभर कोणत्या फेऱ्या सुटल्या, कोणत्या रद्द झाल्या, थांब्यावर कोण ताटकळत राहिले, याची वही ठेवावी. चालक-वाहकांना विश्वासात घेऊन कारणे विचारावीत. गाड्या कमी, माणसे कमी, की सुटे भाग नाहीत, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यासाठी आगारापर्यंत एस.टी.नेच जावे. हे त्यागाचे प्रदर्शन नव्हे. त्या गाडीत जे बोलले जाते ते मोटारीच्या बंद काचेतून ऐकू येत नाही. वह्या जमल्या की त्यांतील आकडे या पृष्ठावर छापावेत आणि तेच घेऊन विभाग नियंत्रकाच्या दारात जावे. पहिली वही कोण आणतो, याची मी वाट पाहतो.