यादीत नाव आले म्हणजे काय?

मंडळी, वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, अमुक वस्तूने कर्करोग होतो. पारावर कोणीतरी ती मोठ्याने वाचतो. एकजण म्हणतो, "आता खावे तरी काय माणसाने?" दुसरा म्हणतो, "सगळ्यानेच होतो म्हणतात, मग भ्यायचे कशाला?" आणि बोलता बोलता चुन्याची डबी काढून तळहातावर तंबाखू मळायला घेतो. या दुसऱ्या गृहस्थांसाठीच आजचे चार शब्द आहेत.

अशा बातम्यांचे मूळ पुष्कळदा एका यादीत असते. फ्रान्स देशात लियाँ नावाचे शहर आहे. तेथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था आहे. ती १९६५ साली स्थापन झाली आणि १९७१ पासून ही यादी करीत आली आहे. आजवर हजारावर पदार्थ, धंदे व सवयी तिने तपासल्या. तपासतात कसे? देशोदेशींचे जाणकार एकत्र बसतात आणि छापून आलेले संशोधन वाचून काढतात. माणसांत काय आढळले, प्राण्यांत काय आढळले, आणि शरीरातल्या पेशींवर त्या पदार्थाची क्रिया कशी होते, असा तिहेरी पुरावा ते पाहतात. ज्याचा पैसा त्या मालात गुंतला आहे, त्याला निर्णयात मत नाही.

मग निवाडा होतो. तालुक्याच्या कोर्टाच्या भाषेत सांगावयाचे, तर पहिला गट म्हणजे गुन्हा शाबीत. 'दोन अ' म्हणजे संशय दाट. 'दोन ब' म्हणजे संशय आहे, पण साक्षीपुरावा तोकडा. तिसरा गट म्हणजे निकाल देण्याइतका पुरावाच नाही. निर्दोष सुटला असे मात्र नव्हे. पूर्वी चौथा गटही होता, 'बहुधा कर्करोग होत नाही' असे म्हणणारा. इतक्या वर्षांत त्यात एकच पदार्थ बसला, नायलॉनच्या धंद्यातला. २०१९ साली त्यालाही तिसऱ्यात बसवले आणि चौथा गट मोडीत काढला. शास्त्रज्ञ मंडळी किती जपून बोलतात पहा!

आणि ही यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. कॉफी १९९१ साली 'दोन ब'मध्ये होती; २०१६ साली ती तिसऱ्यात गेली.

आता खरी गोम ऐका. पुरावा किती पक्का, एवढेच गट सांगतो. धोका किती मोठा, हे तो सांगत नाही. भुरटी चोरी शाबीत होते, तसा दरोडाही शाबीत होतो. म्हणून दोन्हींनी घर सारखेच बुडते काय? पहिल्या गटात तंबाखू आहे, ऊन आहे, आणि सुतारकामातली लाकडाची बारीक धूळही आहे. वस्तू किती, किती वर्षे आणि कोणत्या वाटेने शरीरात जाते, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

ग्लायफोसेट हे तणनाशक तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. मार्च २०१५ मध्ये ते 'दोन अ'मध्ये आले, मॅलॅथिऑनही आले, आणि केवढा गाजावाजा झाला! पण २०१७ साली यवतमाळकडे कापसावर फवारणी करताना माणसे दगावली, ती विषबाधेने. त्या धोक्याविषयी ही यादी अवाक्षर काढीत नाही. यादीत नाव नाही म्हणून औषध उघड्या हाताने कालवावे, असे कृपा करून समजू नका.

उलट ज्याची फारशी बातमी होत नाही ते पहा. ओल लागलेल्या भुईमुगावर, मक्यावर बुरशी चढते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीने ते मेले होते. हे विष पहिल्या गटात आहे आणि ते यकृताचा घात करते. भाजल्याने पुरते जात नाही. बुरसट पेंड दुभत्या गुराला घातली तर दुधात उतरते. शेंगा नीट वाळवून ठेवाव्या, बुरसलेल्या निवडून टाकाव्या. गुरापुढे टाकू नयेत.

आणि आता ती चुन्याची डबी. चघळायची तंबाखू पहिल्या गटात, बिडी-सिगारेट पहिल्या गटात, आणि तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा पहिल्या गटात. इथे चोरी नव्हे, दरोडा आहे, आणि तो आपल्या घरी पडतो. मशेरीला तर बायका तंबाखू म्हणतच नाहीत. तव्यावर भाजून काळी केलेली ती तंबाखूच; पण दात घासायची वस्तू म्हणून कोनाड्यात बसते आणि सून सासूकडून शिकते. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. सुपारीच्या पुड्या मात्र पोरांच्या खिशात सापडतात.

गुरुजी, तुमच्यासाठी एक सोपी तपासणी. सुपारी खाणाऱ्या मुलाला त्याचीच तीन बोटे, एकावर एक उभी धरून, वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. ती मावत नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर गालाची कातडी आतून आवळत चालली असण्याचा संभव आहे. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर दुखत नसली तरी डॉक्टरांकडे न्या. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाहीच.