हाकोआचे व्हिएन्ना : स्वागताध्यक्षीय भाषण

ज्यू क्रीडा चळवळीला वैचारिक बळ मिळाले ते १८९८ मध्ये. बाझलच्या दुसऱ्या झायोनिस्ट काँग्रेसमध्ये माक्स नॉर्दाऊ यांनी ज्यू तरुणांच्या शरीरसंवर्धनाचा आग्रह धरला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये ‘बार कोख्बा’ ही व्यायामसंस्था निघाली. १९२१ मध्ये कार्ल्सबाडला मकाबी जागतिक संघ स्थापन झाला आणि १९३२ मध्ये तेल अवीवला पहिली मकाबिया स्पर्धा भरली. या इतिहासात व्हिएन्नाला मानाचे पान आहे, ते हाकोआ या ज्यू क्रीडा क्लबमुळे.

अनेक ऑस्ट्रियन क्लबांची दारे ज्यूंना बंद होती. म्हणून १९०९ मध्ये हाकोआ उभा राहिला. १९२५ च्या निर्णायक फुटबॉल सामन्यात गोलरक्षक फाबियान यांचा हात जायबंदी झाला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. हात झोळीत बांधून ते आघाडीला आले आणि विजयी गोल त्यांनीच केला. हाकोआ ऑस्ट्रियाचा विजेता ठरला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये या संघाचा खेळ पाहायला सुमारे ४६ हजार प्रेक्षक लोटले. १९३६ मध्ये क्लबच्या जलतरणपटू युडिथ डॉइच यांनी बर्लिन ऑलिंपिकला जाण्यास नकार दिला. त्यापायी त्यांचे विक्रम रद्द झाले, ते १९९५ मध्ये परत मिळाले. १९३८ मध्ये नाझींनी क्लबच मोडून काढला.

हाकोआच्या संस्थापकांपैकी फ्रिट्झ लोनर-बेडा यांचे स्मरण या शहराने अधिक ठेवायला हवे. संगीतकार लेहार यांच्या संगीतिकांसाठी त्यांनी रचलेली गीते आजही रंगमंचावर गायली जातात. क्लबच्या उभारणीतला त्यांचा वाटा मात्र विस्मरणात गेला. १९४२ मध्ये आउशविट्झ-मोनोविट्झ छावणीत त्यांचा मृत्यू झाला.

आता या परिषदेविषयी. तिच्या व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास सभागृहापासून दूर आहे, काही प्रतिनिधींना खोल्या वाटून घ्याव्या लागल्या आहेत. कोशर भोजनाची पंगत एकाच दालनात असल्याने थोडा खोळंबा होईल. शब्बाथमुळे शुक्रवारचे सत्र सूर्यास्तापूर्वी संपेल. या गैरसोयींबद्दल स्वागत समिती दिलगीर आहे. निधी देणारे व्यापारी, पाहुण्यांना घरी उतरवून घेणारी कुटुंबे, जुनी छायाचित्रे देणारे वारसदार, स्वयंपाकघर सांभाळणारे हात आणि रात्रंदिवस राबलेले स्वयंसेवक यांच्या ऋणातच समिती राहू इच्छिते.

प्राटरमध्ये २००८ पासून हाकोआचे नवे क्रीडा केंद्र सुरू आहे. सर्व प्रतिनिधींनी ते अवश्य पाहावे आणि आपल्या लेखनात लोनर-बेडा यांना त्यांचे हक्काचे स्थान द्यावे, ही समितीची आग्रहाची विनंती आहे.