नायडूबाहेरची रांग

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात चारचौघांत शिंकायची चोरी झाली होती. बसमध्ये कुणाला शिंक आली की शेजारचा माणूस उठून पुढे सरके आणि शिंकणारा बिचारा ओशाळून म्हणे, "धुळीची ॲलर्जी आहे हो, दुसरं काही नाही."

३ ऑगस्टला शहरातली १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. या साथीतला तो भारतातला पहिला मृत्यू. त्याआधी एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत हा नवा विषाणू सापडला होता, मे महिन्यात भारतातला पहिला रुग्ण हैदराबादेत आढळला होता आणि ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली होती. पण पुणेकरांच्या लेखी तो परदेशातून येणाऱ्यांचा आजार होता. त्या एका बातमीने तो पेठांत आणून सोडला. शाळा-कॉलेजं बंद झाली, चित्रपटगृहं आणि मॉल काही दिवस ओस पडले आणि सगळं शहर निघालं नायडू रुग्णालयाकडे.

नायडू म्हणजे महापालिकेचं सांसर्गिक रोगांचं रुग्णालय. एरवी तिकडे कुणी वाट वाकडी करून जायचं नाही. त्या आठवड्यात मात्र पहाटेपासून रांगा लागत. रांगेत कुणाला खरोखर ताप होता, कुणाला नुसती सर्दी, आणि कुणाला काहीच नव्हतं. ऑफिसने 'तपासून या, मगच कामावर या' म्हणून पिटाळलेलं. घशातल्या-नाकातल्या स्रावाचे नमुने पुण्यातच, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले जात. ती सोय हाकेच्या अंतरावर असूनही निकालाला वेळ लागे, कारण नमुन्यांचा ढीगच तेवढा होता. गंमत अशी, की फ्लू पसरायला लागतं काय? खोकणारी माणसं आणि त्यांना खेटून तासन् तास उभी असलेली निरोगी माणसं. ती व्यवस्था रांगेने परस्पर केली होती.

याच शहराने १८९७ चा प्लेग पाहिला होता. तेव्हा प्लेग-अधिकारी रँडच्या अंमलात सोल्जर घरात शिरून झडती घेत, आणि लोक आजारी माणसाला माळ्यावर नाहीतर मागच्या खोलीत दडवत. २००९ मध्ये सगळं उलटं. धडधाकट माणसं रुग्णालयात शिरायला धडपडत होती. भीती दोन्ही वेळी खरीच होती, पण दुसऱ्या वेळी ती नको तिथे खर्च होत होती.

मास्कचंच बघा. एन-९५ हा शब्द तोवर फक्त डॉक्टरमंडळींना ठाऊक होता, तो अचानक भाजीवालीच्या तोंडी आला. औषधांच्या दुकानांतून मास्क संपले, जिथे होते तिथे दुकानदार सांगेल तो भाव. ज्यांना मिळाला नाही त्यांनी रुमाल बांधला. स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींची पंचाईत नव्हती. पुण्यात त्यांचा स्कार्फ आधीपासूनच डोळ्यांखाली पक्का बांधलेला असतो. पण बरेच जण बोलायची वेळ आली की मास्क हनुवटीवर ओढत, बोलणं झालं की त्याच बोटांनी वर चढवत. चेहऱ्याला नीट चिकटून बसला नाही तर एन-९५ चा फारसा उपयोग नाही, आणि मास्कची पहिली गरज खोकणाऱ्याला असते, हे कळायला बराच काळ गेला.

मग एसएमएस फिरू लागले. कापूर आणि वेलदोडा कुटून पुरचुंडी करा, रुमालात बांधा, अधूनमधून हुंगा. दुसरा एसएमएस नीलगिरीच्या तेलाचा. त्या दिवसांत लिफ्टमध्ये शिरलं की देवघरात शिरल्यासारखा वास येई. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं हे खरं, पण कापराने फ्लूचा विषाणू मरत नाही. साध्या साबणाने मरतो. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं एक वेष्टन असतं, साबण ते फोडतो. वीस सेकंद हात चोळून धुणं पुरतं. आता दहा रुपयांच्या वडीत काय जादू असणार, म्हणून की काय, साबणाचा एसएमएस कुणी कुणाला पाठवला नाही.

खरा मामला घरात होता. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस आजार पसरवू शकतो. लहान मुलं त्याहूनही जास्त दिवस. म्हणजे मॉल टाळून घरी आलेला नवरा तापलेल्या मुलाला कुशीत घेऊन झोपला, तर मॉल टाळल्याचा काय फायदा? मुलाने शिंकल्यावर आई पदराने त्याचं नाक पुसते, त्याच पदराला हात पुसून पोळ्या लाटायला बसते. पाण्याच्या पिंपावर सगळ्यांचं एकच ओगराळं. स्टील-प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवससुद्धा तग धरतो, कापडावर काही तास. आजाऱ्याला खिडकीजवळची वेगळी जागा, वेगळं भांडं आणि शुश्रूषेला शक्यतो एकच माणूस, एवढं जमलं तर घरातली बाकीची माणसं वाचण्याची शक्यता बरीच वाढते. एका खोलीत सहा जण राहतात तिथे हे सांगणं सोपं आणि करणं कठीण, हेही कबूल केलं पाहिजे. तिथे निदान दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि खोकणाऱ्याच्या तोंडावर कापड असावं.

आणखी एक फसगत झाली. घरोघर आजी-आजोबांना बाहेर पडायची बंदी झाली. कट्ट्यावरचे अड्डे बंद, देवळं बंद. नेहमीच्या फ्लूमध्ये ते योग्यच, कारण म्हाताऱ्यांना तो जड जातो. पण २००९ चा विषाणू उलट्या चालीचा निघाला. १९५७ पूर्वी त्याचे दूरचे भाऊबंद माणसांत फिरत होते, त्यामुळे त्या काळात लहानाचे मोठे झालेल्यांच्या शरीरात थोडीफार प्रतिकारशक्ती शिल्लक होती. तरुण माणसं, लहान मुलं आणि विशेषतः गरोदर बायका जास्त धोक्यात होत्या. आजी घरात कोंडलेली आणि सातव्या महिन्यातली सून लोकलला किंवा बसला लोंबकळत ऑफिसला, असं चित्र मुंबई-पुण्यात दोन्हीकडे होतं.

त्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले. सौम्य ताप, घसा दुखणं, अंगदुखी एवढंच असेल तर तपासणी नको, औषध नको. घरी पडून राहा, पाणी-पेज घ्या, ताप उतरायला पॅरासिटामॉल. जोखमीच्या माणसांना, म्हणजे गरोदर, मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी यांना टॅमिफ्लू हे विषाणूविरोधी औषध, आणि गंभीर असेल त्याची तपासणी करून लगेच भरती. टॅमिफ्लू सुरुवातीला सरकारी रुग्णालयांतूनच मिळे आणि बऱ्याच घरांना वाटे की त्याच्या चार गोळ्या कपाटात असल्या म्हणजे झालं. पण ते औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. अँटिबायोटिकचा फ्लूच्या विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. छातीत दुसरा जंतुसंसर्ग झाला तरच त्याचं काम.

जे माहीत असायला हवं होतं ते रांगेत उभं राहून कळण्यासारखं नव्हतं. धाप लागते, छातीत दुखतं, ओठ निळसर दिसतात, माणूस गुंगीत जातो, बाळ दूध घेईनासं होतं, लघवी कमी होते, किंवा ताप उतरून दोन दिवस बरे गेले आणि खोकल्यासकट पुन्हा चढला, तर घरी थांबायचं नाही. तेव्हा मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचं.

२००९ चा तो विषाणू गेला नाही. १० ऑगस्ट २०१० ला महासाथ संपल्याचं जाहीर झालं, पण तो आता नेहमीच्या फ्लूच्या विषाणूंत जमा झाला आहे. २०१५ मध्ये त्याने महाराष्ट्राला पुन्हा घोर लावला होता. आपल्याकडे त्याचे दोन हंगाम: एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यात आणि त्यानंतर. विषाणू रूप बदलतो म्हणून लस दर वर्षी घ्यावी लागते, आणि टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे जातात. पेपरात पहिल्या पानावर बातमी आली त्या दिवशी दवाखान्यात धावलेला माणूस त्यामुळे पुढचे पंधरा दिवस मास्क आणि साबणावरच असतो.