रक्ततपासणी : धूर कीं धुकें ?

गर्भवती स्त्री नांव घालण्यासाठीं दवाखान्यांत गेली म्हणजे तिच्या हाताच्या शिरेंतून थोडें रक्त काढून घेतात. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, साखर किती, हें त्यावरून पाहतात. आणि त्याचबरोबर एच. आय. व्ही., 'बी' जातीची कावीळ व उपदंश, म्हणजे लोक ज्याला गरमी म्हणतात तो रोग, यांचीहि चाचणी करितात. पुढें कागद हातीं येतो. बहुतेक घरीं तो कपाटांत जाऊन पडतो. परंतु एखाद्या घरीं उपदंशाच्या रकान्यापुढें 'पॉझिटिव्ह' हा शब्द असतो. आणि जेथें काल पाळण्याच्या गोष्टी चालल्या होत्या तेथें आज सुनेच्या शीलाची चौकशी सुरू होते. महिन्यापूर्वीं तिला कांजिण्या येऊन गेल्या, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. त्या कांजिण्यांचा आणि त्या शब्दाचा संबंध असूं शकतो, हेंच आज मला सांगावयाचें आहे. मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळेंत शिकविण्याचें काम केलें. परंतु ही गोष्ट घरोघरीं समजली पाहिजे अशी असल्यामुळें होईल तितक्या सोप्या शब्दांत मांडतों.

उपदंशाचा जंतु १९०५ सालीं बर्लिन येथें शाउडिन व हॉफमन यांनीं शोधून काढिला. पुढच्याच वर्षीं वासरमन, नायसर व ब्रूक या त्रयीनें रक्तावरून हा रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचा विचार सरळ होता. ज्या अवयवांत जंतूंची गर्दी आहे त्याचा अर्क घ्यावा; रोग्याच्या रक्तांत त्या जंतूंविरुद्ध उत्पन्न झालेलें प्रतिद्रव्य असेल, तर तें त्या अर्काला येऊन चिकटेल. म्हणून उपदंशानें मेलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क त्यांनीं घेतला. चाचणी साधली. परंतु लवकरच एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. ज्याला हा रोग शिवलाहि नाहीं अशा निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्क घेतला, तरी चाचणी तशीच लागते ! पुढें १९४१ सालीं मेरी पँगबॉर्न या अमेरिकन विदुषीनें बैलाच्या हृदयांतून त्यांतील मुख्य स्निग्ध पदार्थ शुद्ध स्वरूपांत वेगळा केला. त्याचें नांव कार्डिओलिपिन. हा पदार्थ आपणां सर्वांच्या पेशींत असतो. १९४६ सालीं निघालेली आणि आजहि प्रचारांत असलेली व्ही. डी. आर. एल. ही चाचणी याच पदार्थाच्या आधारें करितात.

याचा अर्थ काय ? ही चाचणी जंतूला प्रत्यक्ष पाहत नाहीं. पेशींची मोडतोड झाली म्हणजे त्यांतील स्निग्ध पदार्थांविरुद्ध शरीरांत जें प्रतिद्रव्य निर्माण होतें, तें ती पाहते. आपल्या नैयायिकांचें जुनें उदाहरण येथें चपखल बसतें. पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें; पण पहाटेच्या धुक्यालाच कोणी धूर समजला, तर अनुमान फसतें. उपदंशानें पेशींची हानि होते, हें खरें. परंतु कांजिण्या, गोवर, विषाणूंची कावीळ यांसारख्या रोगांनींहि ती होते. हिंवतापानंतर आणि क्वचित् लस टोंचल्यानंतरहि ही चाचणी खोटा होकार देते. इतकेंच काय, केवळ गर्भारपण हेंहि या खोट्या होकाराचें एक कारण म्हणून वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहे. मग गर्भारपणांतच विषाणूंचा ताप येऊन गेला असेल, तर अधिकच सावध राहावें, हें उघड आहे.

मग धूर कोणता आणि धुकें कोणतें, हें ओळखावें कसें ? पहिली खूण प्रमाणाची. रक्तरस पातळ करीत करीत चाचणी घेतात. खोटा होकार बहुधा १:८ किंवा त्याहून कमी पातळीवरच मावळतो. पण खऱ्या रोगांतहि पातळी कमी असूं शकते. म्हणून एवढ्यावर निकाल देतां येत नाहीं. निर्णायक महत्त्व आहे तें दुसऱ्या जातीच्या चाचणीला. खुद्द जंतूविरुद्धचें प्रतिद्रव्य पाहणारी अशी पहिली चाचणी नेल्सन व मेयर यांनीं १९४९ सालीं अमेरिकेंत सिद्ध केली. तिला जिवंत जंतु लागत. म्हणून ती फार खटपटीची होती. आज टी. पी. एच. ए. यांसारख्या सोप्या चाचण्या आहेत. पहिली चाचणी होय म्हणते आणि दुसरी नाहीं म्हणते, तर तें बहुधा धुकेंच. कांहीं आठवड्यांनीं रक्त पुन्हां तपासून डॉक्टर खात्री करून घेतात. तापानंतर आलेला खोटा होकार सामान्यतः सहा महिन्यांच्या आंत आपोआप नाहींसा होतो. तो त्यापुढेंहि टिकला, तर मात्र ल्यूपससारखा दुसरा एखादा विकार आहे काय हें पाहावें लागतें. कारण अशा कांहीं विकारांत वारंवार गर्भपात होण्याचा धोका असतो.

परंतु श्रोतेहो, माझ्या बोलण्याचा विपरीत अर्थ कोणी घेऊं नये. 'ताप आला होता, तेव्हां कागद खोटाच' असें म्हणून स्वस्थ बसणें हें सुनेवर आळ घेण्याइतकेंच घातक आहे. खऱ्या उपदंशावर उपचार झाला नाहीं, तर मूल पोटांतच दगावतें, किंवा रोग घेऊन जन्मास येतें. उलट उपचार किती साधा आहे पाहा ! १९४३ सालीं महोनी यांनीं पेनिसिलिनचा गुण दाखवून दिल्यापासून या रोगाची दहशत ओसरली. बाळंतपणापूर्वीं निदान ३० दिवस आधीं तें औषध सुरू झालें, तर बाळाचें रक्षण होण्याची उत्तम आशा असते. म्हणून स्त्री पुन्हां येईल कीं नाहीं अशी शंका असल्यास दुसऱ्या चाचणीची वाट न पाहतां डॉक्टर इंजेक्शन देतात. तें इंजेक्शन म्हणजे बाळाला दिलेलें कवच होय. आईविरुद्ध दिलेला निवाडा नव्हे.

आणि समजा, दोन्ही चाचण्यांनीं होय म्हटलें. तरी त्या कागदावर रोग केव्हां आला आणि कोणाकडून आला हें लिहिलेलें नसतें. दुसऱ्या जातीची चाचणी तर रोग बरा झाल्यावरहि बहुधा आयुष्यभर होकारच देत राहते. कित्येक पतिव्रता स्त्रियांना हा रोग पतीपासूनच लागतो. म्हणून पतीनेंहि आपलें रक्त तपासून घेतलें पाहिजे, आणि लागल्यास उपचारहि. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें या रोगाला 'फिरंग' म्हटलें. इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच लोक नेपल्सचा. दोष दुसऱ्याच्या माथीं मारण्याची ही खोड राष्ट्रांनींहि केली. घरांनीं तरी ती सोडावी.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, गर्भारपणांत आलेला प्रत्येक ताप, पुरळ, कावीळ आणि टोंचलेली लस तारखेसह लिहून ठेवावी व रक्त देतांना सांगावी. दुसरी, कागदावर कोणत्या चाचणीचें नांव आहे हें विचारावें. बोटाच्या थेंबभर रक्तावर होणारी झटपट चाचणी बहुधा दुसऱ्या जातीची असते, आणि तिचा अर्थ निराळा. तिसरी, पुन्हां तपासणी करावयाची तर शक्यतों त्याच प्रयोगशाळेंत व त्याच पद्धतीनें करावी, म्हणजे आंकडे ताडून पाहतां येतात. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, तो कागद सासूसासऱ्यांच्या बैठकींत वाचूं नये. तो स्त्रीचा आहे. तिनें आणि तिच्या पतीनें तो डॉक्टरांसमोर बसून समजून घ्यावा.

रक्त खोटें बोलत नाहीं, असें आपण म्हणतों. खरेंच आहे, परंतु आपण त्याला जो प्रश्न विचारतों, त्याचेंच तें उत्तर देतें. पेशींची हानि झाली काय, असें विचारून मिळालेला होकार शीलाविषयींचा समजणें, हा दोष रक्ताचा नव्हे, वाचणाऱ्याचा. धूर दिसतांच घागर घेऊन धांवावें, हें योग्यच. पण घर कोणीं पेटविलें म्हणून घरच्या लक्ष्मीकडे बोट दाखविण्यापूर्वीं, तें धुकें तर नाहीं ना, एवढें पाहण्याइतका धीर प्रत्येक कुटुंबानें धरावा, अशी माझी विनंति आहे.