मनोरुग्णाची शुश्रूषा व निर्णयाची घटका



ज्युबिलीच्या या आनंदाच्या दिवशीं सावेडी धर्मग्रामांतील परिचारिका भगिनींचें एक ऋण आम्ही उघडपणें मान्य करूं इच्छितों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका घरून आम्हांस बोलावणें आलें. तरुण मुलगा दोन दिवस जेवला नव्हता, कोणाशीं बोलत नव्हता. आम्हीं प्रार्थना केली, धीर धरण्याचा उपदेश केला व निघण्यास उठलों. बरोबर आलेली परिचारिका मात्र त्याच्याजवळ बसली व हळूच म्हणाली, "बाळा, जीव द्यावासा वाटतो काय?" आम्ही दचकलों. मुलगा रडूं लागला व "होय" म्हणाला. तिनें घरांतील फवारणीचें औषध बाहेर काढावयास लावलें, रात्रभर सोबतीस माणूस ठेवला व सकाळीं त्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलें. असें विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो, ही आमची समजूत खोटी होती.

शरीराचा ताप थर्मामीटर सांगतो. मनाची पीडा मोजणारें तसें यंत्र नाहीं. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या ठिकाणीं मध्यरात्रीं एखादा रोगी एकाएकीं कोणाच्या अंगावर धांवून गेला, तर काय करावें हें परिचारिकेस क्षणांत ठरवावें लागतें. तो निर्णय अंदाजाचा नसतो. झोंप किती झाली, औषध पोटांत गेलें काय, अंगांत ताप आहे काय, दारू नुकतीच सुटली आहे काय, हें ती पाहते. कारण तापांतील भ्रम वेडासारखाच दिसतो, व तेथें विलंब जिवावर बेततो. पाहिलेलें ती लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या पाळीस तेथूनच पुढें जातां येतें.

बांधणें हा शेवटचा उपाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें साखळदंड व एकांत-कोठडी वर्ज्य केली. तात्काळ इजा टाळण्यास अन्य मार्गच नसेल, तरच तज्ज्ञाच्या संमतीनें व अवश्य तेवढाच वेळ रोग्यास जखडतां येतें. माणसें अपुरीं आहेत, ही सबब चालत नाहीं. परिचारकांचे आश्रयदाते संत जॉन ऑफ गॉड यांसही सोळाव्या शतकांत ग्रानादा येथें वेडा म्हणून कोंडून फटके मारले होते. सुटल्यावर त्यांनीं रोग्यांसाठीं रुग्णालय उभारलें.

घरच्या मंडळींस एवढीच विनंति: आजार लपवूं नका, बाहेरची बाधा म्हणून वेळ दवडूं नका. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

तो मुलगा आज कामावर जातो. पुन्हां अशा घरीं जाण्याचा प्रसंग आला, तर आम्ही आधीं जवळ बसून विचारूं, ऐकूं, आणि मग प्रार्थना करूं. प्रभु या भगिनींच्या हातांस यश देवो.