खर्जाचा आधार
(मंडळाच्या संगीत शाखेतर्फे सभागृहात दिलेले व्याख्यान)



बेस गिटार आणि तिचे ध्वनिवर्धक हा मराठी मंडळातील व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु आपल्या गणेशोत्सवातील भावगीतांच्या कार्यक्रमात हे वाद्य प्रथम वाजले, त्या रात्री गायिकेचे शब्द घुमाऱ्यात बुडाले आणि मागच्या रांगेतील एक आजी छातीवर हात ठेवून बाहेर गेल्या. "हे वाद्य पुन्हा नको," असा सूर कार्यकारिणीत निघाला. दोष वाद्याचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. त्याचेच हे प्रायश्चित्त.

खर्ज आपल्याला परका नाही. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सेकंदाला सुमारे 70 कंपने देते. तिला बळ देतो तो भोपळा. बेस गिटारची सर्वांत जाड तार त्याहून खाली, 41 कंपनांवर बोलते. तिच्या एका ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. शिवाय स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. उघड्या स्पीकरच्या या पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींना मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून स्पीकरला खोके हवे. तंबोऱ्याला भोपळा, तसे बेसला खोके.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 साली आपली विजेवरची बेस गिटार विक्रीस आणली आणि 1952 साली तिच्यासाठी 'बेसमन' हा ध्वनिवर्धक काढला. आरंभी त्यात पंधरा इंची एक स्पीकर होता. पुढे दहा इंची चार आले. पण या नव्या खोक्याची पाठ उघडी राहिल्याने खर्ज पुरता धरला जाईना. गंमत अशी, की गिटारवादकांनीच तो आपलासा केला आणि लंडनच्या जिम मार्शल यांनी 1962 च्या सुमारास त्याच्याच धर्तीवर आपला पहिला ध्वनिवर्धक बनविला. बेसवादकांसाठी अँपेग कंपनीने 1960 साली 'बी-15' आणला. वाजवून झाले की त्याचे यंत्र उलटे करून खोक्यातच ठेवता येई. त्याच कंपनीचा 1969 सालचा 'एसव्हीटी' म्हणजे 300 वॉटचे व्हॉल्व्हचे धूड, आणि सोबत प्रत्येकी दहा इंची आठ स्पीकरांची दोन बंद खोकी! आज तेवढी शक्ती दोन-तीन किलोच्या यंत्रात मावते. नव्या चुंबकांमुळे स्पीकरही हलके झाले आहेत.

रोलिंग स्टोन्स हे वाद्यवृंदकार 4 एप्रिल 2003 रोजी आपल्या बेंगळुरूत पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. तेथे वर आकाश होते, ध्वनीला पळावयास जागा होती. आपल्या सभागृहाला चार भिंती आहेत. आम्ही मैदानाचे मोजमाप घरात आणले, हीच आमची चूक.

त्या रात्री आम्ही खोके कोपऱ्यात ठेवले होते. दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवितात. शब्द ऐकू येईनात, म्हणून आम्ही सारेच आवाज वाढविले. वॉट दुप्पट केले तरी वाढतात ते अवघे 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे दहापट शक्ती लागते. आम्ही यंत्र ताणत राहिलो, घुमारा वाढत राहिला.

आणखी एक गोष्ट. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. परंतु हे मोजमाप कानाच्या संवेदनेनुसार होते. 40 कंपनांच्या आसपासच्या ध्वनीतून सुमारे 34 डेसिबल वजा धरले जातात. खर्ज तर भिंती सहज ओलांडतो. म्हणजे मापक निर्दोष ठरवील, आणि शेजारच्या कन्नड कुटुंबातील आजारी वृद्धाची झोप मात्र उडेल. ज्या नगरीने आपल्याला पन्नास वर्षे घर दिले, तिच्याशी आपले नाते केवळ नियमाच्या आकड्यांवर तोलावयाचे काय?

म्हणून आमची विनंती एवढीच: वाद्य राहू द्यावे. आपलीच मुले ते आवडीने शिकत आहेत. खोके भिंतीपासून दूर, थोडे उंचावर असावे; आवाज ठरविताना आम्हांपैकी एकाने शेवटच्या रांगेत, आजींच्या शेजारी, बसावे; आणि एकाने रस्त्यावर जाऊन ऐकावे. तंबोरा छेडला जातो तो गाणाऱ्यासाठी. मंडळाचे कार्यही तसेच, मागे राहून आधार देण्याचे.