इंजिनाच्या दंतकथा



मुरबाड तालुक्यातलं म्हसा हे गाव तुमच्यापैकी अनेकांना यात्रेमुळे ठाऊक असेल. पौष पौर्णिमेला इथे खांबलिंगेश्वराची, म्हणजे आमच्या म्हसोबाची यात्रा भरते. घोंगड्या, टोपल्या-सुपं, मिठाईची दुकानं आणि बैलांचा बाजार यांसाठी ही यात्रा नावाजलेली आहे. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटं गॅरेज आहे. गाड्यांच्या तेलात हात घालून मला तीस वर्षं झाली.

या बाजारात मी लहानपणापासून एक गोष्ट बघत आलो. व्यापारी बैलाचं कौतुक करतो. गरीब आहे, मारका नाही, नांगराला चालतो, गाडीला चालतो. घेणारा शेतकरी सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि मग सरळ बैलाचं तोंड उघडून दात बघतो. दुदाती आहे, चौदाती आहे की जुळलेला, ते स्वतः मोजतो. खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. त्यानंतरच रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. पण हाच शेतकरी जीप किंवा टेम्पो घेऊन गॅरेजात आला, की दात मोजायचं विसरतो. तिथे तो नुसतं ऐकतो. इंजिनाबद्दलचे बहुतेक गैरसमज या ऐकण्यातून आलेले आहेत. आज मी त्यांतल्या काहींबद्दल बोलणार आहे आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करणार आहे.

१९९५ सालची दिवाळी. मी एका गॅरेजात हेल्पर होतो. गावातल्या एका काकांनी पतपेढीचं कर्ज काढून जुनी डिझेल जीप घेतली होती. ते ती प्रवासी वाहतुकीला चालवत. एक दिवस म्हणाले, "टॅपेट लय वाजतात रे पोरा. पॅसेंजर हसतात." आमचे उस्ताद म्हणाले, "आवाज बंद कर, म्हणजे सेटिंग बरोबर." मी पाना घेतला आणि एकेक टॅपेट आवाज बंद होईपर्यंत आवळलं. गेज लावलं नाही. इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागलं. काकांनी खूश होऊन माझ्या हातावर दहा रुपये ठेवले.

महिन्याभरात थंडी पडली आणि जीप सकाळी धक्का मारल्याशिवाय सुरू होईना. चढाला ओढ कमी पडू लागली. उस्ताद म्हणाले, "पंप वाढव." डिझेल पंपावरचा स्क्रू फिरवून आम्ही डिझेल वाढवलं. मागून काळा धूर निघू लागला. काळा धूर म्हणजे ताकद, असं तेव्हा सगळेच मानत. चार दिवस गाडी बरी वाटली, मग गरम होऊ लागली. त्यावर तिसरा उपाय, "थर्मोस्टॅट काढून फेक." तोही मी काढला.

जानेवारी १९९६ मध्ये यात्रा भरली. जुन्नरकडची मंडळी घोंगड्या वगैरे घेऊन रात्री परत निघाली होती. जीपमध्ये अकरा माणसं आणि मागे क्लीनर म्हणून मी. माळशेज घाटाच्या चढात इंजिन खोकायला लागलं आणि पुढे गाडी हलेचना. मी उडी मारून चाकाखाली दगड लावले. बायका, म्हातारी माणसं, पोरं त्या थंडीत उतरली आणि अंधारात चालत वर गेली.

आम्ही रिकामी जीप कशीबशी वळवली आणि परत निघालो. उताराला काकांनी गाडी न्यूट्रलला टाकली. "तेवढंच डिझेल वाचतं," म्हणाले. इंजिन आधीच अर्धमेलं झालेलं. न्यूट्रलला ते बंद पडलं. काकांनी ब्रेक दाबला, दोनदा लागला, तिसऱ्यांदा पॅडल दगडासारखं कडक झालं. काकांनी प्रसंगावधान राखून डोंगराकडच्या गटारात चाक घातलं, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.

जीप ओढून मुरबाडला नेली. तिथे एसटीतून निवृत्त झालेले एक हेड मेकॅनिक होते. त्यांनी हेड उघडलं आणि एक व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. त्याची कड चावा घेतलेल्या भाकरीसारखी झाली होती. त्यांनी विचारलं, "टॅपेट कोणी आवळले?" मी गप्प राहिलो. त्यांना कळलं असावं. त्यांनी मला बाजूला बसवून जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिलं टॅपेटचं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह त्या मिनिटात १५०० वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवरून जळता धूर जातो, तो लालभडक तापतो. ही उष्णता बाहेर टाकायची त्याची मुख्य वाट एकच. मिटल्यावर तो सीटवर घट्ट बसतो, तेव्हा ती सीटमधून हेडमध्ये जाते. तापलं की लोखंड वाढतं, म्हणून टॅपेटमध्ये थोडी फट ठेवावी लागते. त्या इंजिनाला एक्झॉस्टची फट पाव मिलिमीटर हवी होती. मी ती पुसून टाकली. मग गरम झालेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटेना, त्याची उष्णता जाईना, कडेने ज्वाला निसटू लागली आणि तो जळाला. अशा इंजिनात टॅपेटचा हलका, एकसारखा टिकटिक आवाज हे तब्येतीचं लक्षण आहे. काही गाड्यांत तेलाच्या दाबावर चालणारी, आपोआप जुळणारी टॅपेट असतात, त्यांची गोष्ट वेगळी. पण जिथे फट ठेवायची असते तिथे ती फिलर गेजनेच मोजायची. कानाने मोजता येत नाही.

दुसरं पंपाचं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. व्हॉल्व्ह गळका झाला की दाब पडत नाही, हवा तापत नाही, म्हणून काकांची गाडी थंडीत सुरू होत नव्हती. रोग दाबाचा होता आणि आम्ही औषध डिझेलचं दिलं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. स्क्रू फिरवून डिझेल वाढतं, हवा कोण वाढवणार? जे जळत नाही ते काजळी होऊन मागून जातं. काळा धूर म्हणजे तुमचे पैसे. वर धूर जास्त तापतो आणि आधीच भाजलेला व्हॉल्व्ह आणखी भाजतो.

तिसरं थर्मोस्टॅटचं. हा छोटा झडपेचा डबा इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलं की उघडतो. तो काढला की इंजिनाला योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो. थंड इंजिनात तेल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. मग ही समजूत आली कुठून? पूर्वी थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकायचे आणि आडरानात नवा मिळायचा नाही. तेव्हा तो काढून घर गाठणं हा शहाणपणा होता. वाटेतला तात्पुरता इलाज पुढे कायमचा नियम होऊन बसला.

चौथं न्यूट्रलचं. माळशेज असो की शहापूरकडचा कसारा घाट, ही समजूत सगळीकडे भेटते. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पाय सोडला तरी इंजिन थोडं पेट्रोल ओढतच राही, तेव्हा न्यूट्रलला किंचित बचत होत असेलही. पण डिझेल पंपाच्या आणि इंजेक्शनच्या गाडीत गियर टाकलेला असताना उतारावर पाय सोडला, की इंधन जवळजवळ बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे बचत तर नाहीच, उलट गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद पडलं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. त्या रात्री आमचं हेच झालं. ज्या गियरमध्ये चढता, साधारण त्याच गियरमध्ये उतरा, हा जुन्या एसटी चालकांचा धडा आजही खरा आहे.

श्रोतेहो, एका जीपवर आम्ही चार समजुती चालवल्या आणि प्रत्येक पुढची समजूत आधीच्या चुकीवर पांघरूण घालत होती. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चुकीचा इलाज झाला की खरा रोग झाकला जातो.

आता गाड्या बदलल्या. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. इंजिनावर संगणक बसला, धुरावर गाळण्या आल्या. समजुतींनीही कपडे बदलले. पंपाच्या स्क्रूऐवजी आता पोरं म्हणतात, "चिप मारून द्या." हिशेब तोच आहे, डिझेल वाढवलं तर हवा, उष्णता आणि गाळणी यांचा विचार कोण करणार? काजळीने गाळणी तुंबली की जो खर्च येतो तो चिप विकणारा देत नाही. दुसरी समजूत मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरची. पुण्यात एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासून आहे. अशा ठिकाणी इंजिन डायनामोमीटरवर चढवून ताकद मोजतात, आवाज ऐकून सांगत नाहीत. नुसता सायलेन्सर फोडून गाव जागं होतं, गाडी पळत नाही. शिवाय दंडाची पावती मिळते ती वेगळीच.

महागडं पेट्रोल टाकलं की ताकद वाढते, हीसुद्धा अर्धवट समजूत आहे. ऑक्टेनचा आकडा म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची पेट्रोलची सोशिकता. ज्या इंजिनाला ती लागते त्याला उपयोग, साध्या इंजिनाला फारसा नाही. पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बांधून ॲव्हरेज वाढवणारे विक्रेतेही भेटतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून अधिक साधनं तपासली, त्यांतल्या बहुतेकांचा काहीच फायदा दिसला नाही. आणि हो, डिझेल गाडीचं नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं झालं म्हणून कोणी फसवलं असं समजू नका. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. ते बदलायचं किलोमीटर आणि मुदत बघून.

इंजिन बोअर करून नवे पिस्टन-रिंग टाकले की रात्रभर उभ्या जागी चालू ठेवा, असं सांगणारेही आहेत. तसं करू नका. रिंग सिलिंडरला नीट बसायला मागून दाब लागतो आणि तो गाडी मध्यम वजनावर, वेग कमी-जास्त करत चालवली तरच मिळतो. नुसतं उभं चालवलं तर सिलिंडर गुळगुळीत होतो आणि इंजिन पुढे कायम ऑइल पितं. फक्त पहिले काही दिवस पूर्ण रेस आणि जड ओझं टाळा.

तुम्ही मेकॅनिक नसाल तरी दात मोजू शकता. टॅपेट केले म्हणाला तर विचारा, फट किती ठेवली? इंजिन उतरवायचं म्हणाला तर विचारा, कॉम्प्रेशन गेज लावलं का, प्रत्येक सिलिंडरचा आकडा किती? गाडीसोबत आलेल्या पुस्तकात काय लिहिलं आहे ते बघा. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नांचा राग येत नाही.

काकांच्या जीपचं हेड बनवायचा खर्च आणि थकलेले हप्ते मिळून पेलवेनासे झाले. पुढच्या वर्षीच्या यात्रेत त्यांनी आपली बैलजोडी विकली. मी त्या दिवशी बाजारात गेलो नाही. काका पुढे कित्येक वर्षं सांगायचे, "त्या गाडीला नशीब नव्हतं." मी ते ऐकायचो आणि गप्प बसायचो. आज काका नाहीत. त्यांचा नातू आपला पिकअप घेऊन माझ्याकडे येतो. मागच्या महिन्यात तो म्हणाला, "दादा, आवाज जरा कमी करून द्या ना." मी त्याला बाकावर बसवलं, फिलर गेज त्याच्या हातात दिलं आणि आजोबांच्या जीपची गोष्ट पहिल्यांदा खरी सांगितली. त्या गाडीला नशीब होतं. पाव मिलिमीटर फट नव्हती.